पाय, बाय, माय

विश्राम घाडी, खाट सतरा, वय एक्क्याऐंशी.
केसपेपरवर कोणीतरी लाल शाईने लिहिलंय,
बहिरा. ओरडून बोला.
आणि सकाळपासून सगळे ओरडतायत,
वॉर्डबॉय, पोरगेला डॉक्टर,
समोरच्या खाटेवाल्याची बायकोसुद्धा.
ते सगळ्यांना हो म्हणतात.
उपाशी आहात? हो.
चहा घेतलात? हो.
साखर कधीपासून? हो.

कानाचं यंत्र मुलाने घरी नेलंय, हरवेल म्हणून.
शिवडीला, डब्यात, तांदळाच्या दाण्यांत
सुखरूप.

मी मास्क खाली घेतला, उजेडाकडे तोंड केलं,
सावकाश म्हटलं, पाय.
लांबच्या बोटीचा नंबर वाचावा
तसं त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.
"माय? ती गेली गो बाय.
मी गोदीत लागलंय, त्याच वर्सा."

पाय, बाय, माय.
नर्सिंगच्या तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही
की ओठांवर तिन्ही एकच दिसतात.

इन्कपॅड आधीच उघडून ठेवलेलं.
"घ्या अंगठा," मागून आवाज, "हो म्हणालाय ना."
अंगठाच तर जाणार होता,
उजव्या पायाचा,
शेजारच्या दोन बोटांसकट.

मी कागद उलटा केला, पाऊल काढलं.
चित्रकलेत मी कच्चीच, बटाटा झाला.
त्यावर आडवी रेघ.
दोन बोटांची कात्री करून दाखवली.

ते बघत राहिले. बराच वेळ.
मी घड्याळ पाहिलं नाही,
एवढंच माझ्या हातात होतं.

मग त्यांनी पेन मागितलं.
माझगावच्या गोदीत अडतीस वर्षं
जहाजाच्या पत्र्यावर खडूने रेघ मारणारा माणूस.
जिथे त्याची रेघ, तिथेच गॅस-कटर.
कानही त्या पत्र्यांच्या ठोक्यांनीच नेले.

त्यांनी माझा बटाटा खोडला.
टाच काढली, घोटा काढला, नखंसुद्धा.
मग रेघ, एका दमात, सरळ,
माझ्या रेघेपेक्षा बोटांकडे अर्धा इंच.
बाजूला लिहिलं:
टाच ठेवा. बाजारात चालत जातो.
खाली सही. वळणदार, तारखेसह.

"सगळी कित्याक आरडतत?" त्यांनी विचारलं.
"तोंडा वाकडी होतत. वाचूक येणा नाय."

त्यांची रेघ डॉक्टरांना कितपत मान्य होईल
मला माहीत नाही.
कागद घेऊन निघाले.
जाता जाता इन्कपॅड मिटलं.