बघण्यासारखं

शेट म्हणाले, ह्याला गाव दाखवून आण,
ड्रायव्हर तापानं पडलाय आणि तुला थोडं हिंदी येतं.
त्याला हिंदी येत नव्हतं.

दोमिंगुश त्याचं नाव. म्हणजे आमचा दुमिंगच.
बिसावहून आलेला. तिथली पोती
आमच्या गोदामात छपरापर्यंत चढतात.
त्यांच्यावरची निळी अक्षरं मी बावीस वर्षं
पाठीवरून वाहिली, वाचली नाहीत.
ओलाव्याच्या टक्क्यावरून शेटचं आणि त्याचं बिनसलं होतं.
चहाला पुन्हा बसणार होते.
तोवर तीन तास.

वेंगुर्ल्यात बघण्यासारखं काय?
हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
बबन मोचेमाडकराची रिक्षा केली.

आधी डचांची वखार.
आत करवंदाच्या जाळ्या, दोन बकऱ्या,
भिंतीवर कुणाची तरी गोधडी वाळत.
तो दाराबाहेर अदबीनं उभा राहिला.
मी हातानं म्हटलं, जा आत,
आता हे कुणाचंच नाही.

दीपगृह चारला उघडतं. अडीच वाजले होते.
बंदरावर लिलाव आटपलेला,
बर्फाचं गुलाबी पाणी पायऱ्या उतरत होतं.
बबन म्हणाला, "ह्येका सागरेश्वराक व्हरूया,
थंय तरी रेंव आसा."

रिक्षात कुणीच बोलेना.
मग कुंपणावरून वाकलेल्या झाडाकडे बोट दाखवून
तो म्हणाला, काजू.
मी म्हटलं, काजू.
पुढच्या वळणावर अननस.
बबनच्या खिळ्याला लोंबणारी चावी.
दुकानातला साबण, दारातली बादली.
बटाट्याला तर बबननं रिक्षाच थांबवली
आणि पोट धरून हसला.
कोण कुणाच्या घरी हे शब्द विसरून गेलं,
छत्री विसरावी तसं,
कोण जाणे. डच नसावेत.

सागरेश्वराला त्यानं बूट काढून हातात घेतले
आणि बराच वेळ नुसता उभा राहिला.
मग खुणेनं सांगितलं,
त्याच्या शहराला असा किनारा नाही. गाळ आहे.
कोपरापर्यंत हात बुडवून दाखवला.
ओहोटीला होड्या चिखलात बसतात,
दुपारच्या म्हशींसारख्या.
वाळू आहे ती दूर, बेटांवर,
तिथे तो एकदाच गेलाय.
मला वाटलं सांगावं, मीसुद्धा इथे दोनदाच आलेय,
एकदा गणपती पोचवायला,
एकदा नणंदेचा हरवलेला पोरगा शोधायला.
पण ह्या खुणा मला येत नव्हत्या.

फोनवर त्यानं आई दाखवली.
रस्त्याच्या कडेला, पत्र्यावर काजू भाजणारी,
धुरानं डोळे मिटलेले.
फोटो मोठा करायला मी बोट लावलं
तेव्हा त्याला माझी बोटं दिसली.
टरफलाचा चीक. कितीही राख लावा, कितीही खोबरेल.
मी हात पदरात घेतला.
तो एवढंच म्हणाला, पगार?

तोच शब्द.

मी सुरूच्या काटकीनं ओल्या वाळूत आकडा काढला,
किलोला एवढे.
त्यानं खाली त्यांच्याकडचा काढला.
कसले पैसे ते, किती शून्यं.
दोघं आकड्यांकडे बघत राहिलो,
हातचा धरायला विसरलेल्या पोरांसारखे.
जास्त कुणाचा, ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
बबन लांबून ओरडला, "शेटचो फोन!"
लाट तिथवर आली नव्हती, भरती संध्याकाळची.
आकडे होते तसेच ठेवून आम्ही निघालो.

दीपगृह राहिलंच.
दीड टक्क्यावर मिटलं म्हणे.
सहाच्या गाडीनं तो गोव्याला गेला.

शनिवारी माझ्या नावापुढे
चार किलो कमी भरले.
वजनकाट्यावरची कार्मेलीन म्हणाली,
"त्या दिवशी तू फिरूक गेलेलंस मां?"

मी म्हटलं, हो.
फिरायला गेले होते.