पत्रिकेच्या पाठीवर

बापूमामाच्या प्रेसमधून, अमळनेरहून,
लगीनसराई सरली की एक गठ्ठा यायचा
उरलेल्या, चुकलेल्या, नको झालेल्या पत्रिकांचा.
एकीत वधूच्या नावाला काना जास्त,
एकीत गोरज मुहूर्त सकाळी अकराचा,
एकीत सगळं बरोबर, पण लग्नच मोडलं.
मी कात्रीने चार-चार तुकडे करायचे.
पाठ कोरी असायची.
कोऱ्या पाठीवर औषध:
नाव, वर्ग, मात्रा, का द्यायचं, कधी नाही,
आणि लाल पेनाने, नर्सने काय बघायचं.

अजून सांगते,
फ्युरोसेमाइड म्हणजे पारोळ्याचं लग्न.
पोटॅशियम उतरतं, केळं खायला सांगा,
(केळं! आमच्याकडे सांगावं लागतं का?)
उलटवलं की बोबडी ओळ,
‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’
आणि खाली तीन पोरांची नावं.
हेपॅरिन म्हणजे ते मोडलेलं.
हिरड्या बघ, लघवीचा रंग बघ,
कुठूनही रक्त येतंय का बघ.

रायली पावराने स्कॉलरशिप जमा झाली त्याच दिवशी
आग्रा रोडवरून तयार संच आणला.
दोनशे कार्डं, लॅमिनेशन, गोल कोपरे,
एका भोकातून स्टीलची कडी.
मे महिना, होस्टेलचा पंखा गरम वारा ढवळतोय,
माझे कागद खोलीभर उडतायत
आणि तिची कार्डं कडीत गप्प बसलेली.
मी म्हटलं, विकतचं डोक्यात जात नाही गं.
ती म्हणाली,
घरी पावरी, शाळेत मराठी, इथे इंग्रजी.
तिसऱ्या भाषेत मी हाताने चूक लिहीन
आणि चूकच पाठ करीन.
छापलेलं तरी चुकत नाही.

छापलेलं चुकत नाही!
मामाच्या गठ्ठ्यावर बसून मी किती हसले.

मग चौधरी सिस्टरांनी माझं डिगॉक्सिनचं कार्ड
खिडकीच्या उजेडात धरलं.
पुढून सोनेरी वेलबुट्टी पाठीवर उमटलेली,
तिच्यात माझा दशांशचिन्हाचा ठिपका बुडालेला.
शून्य मी लिहिलंच नव्हतं.
शून्य पूर्णांक पंचवीसचे झाले होते पंचवीस.
सिस्टर रागावल्या नाहीत.
“एवढ्याशा ठिपक्यात माणूस मावतो,” म्हणाल्या,
आणि कार्ड परत दिलं.
त्या रात्री रायलीने कडी उघडली,
एकेक कार्ड माझ्या कार्डाशेजारी ठेवत गेली.
एकशे बाराव्याला कोंबडा आरवला.
आणखी दोन चुका निघाल्या, माझ्याच.
तिच्या कार्डांच्या कडेला मात्र तोवर
मार्करने बारीक चित्रं आली होती:
डोळा, थेंब, पाय दुमडलेलं वासरू.
विचारलं तर म्हणाली, माझी चौथी भाषा.

सिव्हिलची प्रसूती खोली, रात्रपाळी.
साक्रीकडची बाई, दाब चढलेला, एकदा झटका येऊन गेलेला.
मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस भरून तयार,
स्टाफ सिस्टरांनी मान वळवली, “बघ आधी.”
खिशातून कार्ड काढलं.
श्वास मोजले, अठरा.
लघवीची पिशवी बघितली, पुरेशी.
गुडघ्याचा झटका राहिला.

बाईचे डोळे अर्धे उघडे.
माझ्या हातातल्या कार्डाची पुढची बाजू तिच्याकडे,
गणपती, तोरण, दोन तुटकी आडनावं.
जड जिभेने म्हणाली,
“कोनं लगीन शे, माय?”

काय सांगू? अर्धीच पत्रिका ती,
तारीख दुसऱ्या तुकड्यावर गेलेली,
त्या तुकड्यावर बहुतेक ऑक्सिटोसिन.
“व्हई गयं ते,” म्हटलं, “पाय ढिला सोड.”
आणि हातोडी टेकवली वाटीच्या जरा खाली.

पाय उडाला.
माझ्या हातातलं कार्डही उडालं, पलंगाखाली.
सिस्टर सुई टोचताना हसल्या.
उजाडल्यावर झाडणाऱ्या मावशींनी ते शोधून दिलं,
नीट पुसून,
गणपतीची बाजू वर करून.