अरिवी

सेकंड शिफ्ट सुटते साडेबाराला.
उद्यमबागेतून अनगोळ, दहा मिनिटं.
दार नुसतं लोटलेलं असतं.
मोरीत बादली, बादलीत
आठ लंगोट, कधी अकरा.
माझ्या वाटणीचे.

आधी हात.
कटिंग ऑइलचा वास दोनदा घासला
तरी नखांच्या मुळाशी राहतोच.
शॉपमध्ये आम्ही हात पुसतो चिंध्यांना.
किलोवर येतात, गोणीतून :
कुणाच्या परकराची नाडी,
कुणाच्या शर्टाची बटणपट्टी.
पुसायचं, पिंपात टाकायचं.
तिथं कुणी भांडत नाही
धुवायचं का फेकायचं यावर.

इथं दीड महिना तेच.
आईनं तिची शहापुरी साडी टरकावली,
धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
काठ तेवढे वेगळे ठेवले,
पिशवीला होतील म्हणून.
मेव्हण्यानं हुबळीहून आणलं
डायपरचं भलंमोठं पाकीट.
त्यावरचं बाळ गोरं, कोरडं, हसणारं.
आमचं सावळं, ओलं, रडणारं.

मी हिशेब मांडला :
एक बारा रुपयाला, दिवसाला सहा...
कस्तुरी म्हणाली,
पाणी येतंय पाचव्या दिवशी,
टाकीत वाकून बघितलंस कधी?
आणि माझ्या टाक्यांचा पण मांड की हिशेब.
ती उठताना अजून भिंत धरते.
मी पेन खाली ठेवलं.
त्या रात्रीपासून बादली माझी.

भिंतीपलीकडं नीलव्वा,
नळाच्या पाण्यासाठी जागी.
"एवढ्या रात्री काय धुऊलालास रे?"
"अरिवी," मी सांगतो तिच्या भाषेत.
कापड.
ती हसते. म्हणते,
अरिवी म्हणजे कापड, अरिवु म्हणजे जाण.
शेवटाला चुकू नको.
मग तिचा नळ फुसफुसतो आणि ती जाते.

मग झड लागली.
आठ दिवस एक लंगोट वाळेना.
आईनं शेगडीवर बुट्टी पालथी घातली,
वर लंगोट पसरले,
पोरीला धुराचा वास, ओव्याचा वास,
आणि शेवटी मांडीत तांबडे चट्टे.
नवव्या रात्री पाकीट फोडलं.
कुणीच काही बोललं नाही.

कस्तुरी सलग पाच तास झोपली.
तोंड उघडं टाकून, हात कुठंतरी फेकून.
मीच जागा. सवयीनं
दोनदा मोरीत जाऊन आलो.
बादली कोरडी.

सकाळी कचऱ्याची गाडी.
दुर्गव्वानं आमची पिशवी सोडली,
एका हातात हातमोजा, दुसरा उघडा.
"अण्णा, हे असलं कागदात गुंडाळा की.
वर तांबडी फुली मारा.
ओल्यात घालू नका ओ, हात जातोय आमचा."
तिच्या उघड्या हातात
कस्तुरीची पाच तासांची झोप होती,
फुगलेली, जड.
मला काय बोलावं सुचलं नाही.
चहा घेणार का, विचारलं.
गाडी पुढं निघाली होती.

शॉपमधून तांबडा मार्कर आणलाय,
रिजेक्ट जॉबवर आम्ही फुली मारतो तो.
झडीत, आणि गोकाकच्या बसमध्ये, पाकीट.
एरवी बादली.
आईला हे पटलेलं नाही.
कस्तुरीलाही पुरतं नाही.
पाणी सहाव्या दिवसावर गेलं
तर मलाही पटेल की नाही, ठाऊक नाही.

आत्ता साडेतीन.
बारसं व्हायचंय, म्हणून नुसतीच "ए".
ए, गप की. उचलतो.
आजीच्या साडीतलं एक कापड,
त्यावर अर्धं विणलेलं फूल उरलंय,
आणि माझ्या कंपनीच्या पँटवर
हळूहळू पसरत जाणारी ऊब.

झोपेतूनच कस्तुरी विचारते,
"ओली केली?"

"नाही," मी म्हणतो. "झोप तू."