प्लु-क-पार्फे, मिरकरवाडा

बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला
हिशोबाच्या टेबलाशी मी एकटी.
बाहेर लाद्या फुटतायत, चुरा सुरमयांवर पडतोय.
डिझेलच्या पावत्यांखाली दोनशे पानी वही,
वहीत केळुसकर सरांचा गृहपाठ:
'पार्तीर', म्हणजे निघून जाणे.
सहाही रूपं. प्लु-क-पार्फेत.

सर म्हणाले, नावाचा अर्थ बघ,
पूर्णाहूनही जास्त.
जे झालं, त्याच्याही आधी जे होऊन गेलं होतं ते.
म्हटलं, सर, हे आम्हाला येतं.
मी धक्क्यावर पोचले तेव्हा लाँच सुटली होती.
लिलाव पुकारला तेव्हा पापलेट विकलं गेलं होतं.
ते हसले. मग लिही की, म्हणाले.

झेते पार्ती. मी गेले होते.
त्यु एते पार्ती. तू गेला होतास.
इल एते पार्ती.

इल म्हणजे तो.
शाबुद्दीन सोलकर, ऑइलर, मालवाहू बोट.
मी जन्मले तेव्हा तो गेला होता.
मला गोवर आला तेव्हा गेला होता.
थोरलीच्या निकाहाला आला, दोन सुटकेसी, एक टेपरेकॉर्डर,
आणि मेंदी उतरायच्या आत गेला होता.
एवढा सराव असताना
या ओळीशीच माझं पेन का अडावं?

एल एते पार्ती. ती गेली होती.
कानाला काही फरक नाही. पार्ती, पार्ती.
कागदावर मात्र बाईच्या रूपाला शेवटी एक अक्षर जास्त,
लिहायचं, पण उच्चारायचं नाही.
सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गातली पोरं जांभया देत होती.
मी आईचं नाव मनात म्हणून पाहिलं. हाजरा.
रेशनकार्डावर होतं.
मोहल्ल्यात ती शाबूची बायको,
मग शाबूची बेवा.

पत्र ला आव्रहून आलं होतं, हॉस्पिटलच्या पाकिटात.
कंपनीचं इंग्रजी पत्र आधीच आलं होतं:
तारीख, सामानाची यादी, घड्याळ एक.
हे दुसरं, हाताने लिहिलेलं, अकरा ओळी,
खाली सही, ओदील.
एजंट म्हणाला, असंच सांत्वन-बिंत्वन असेल.
तीन वर्षं ते कुराणाच्या रेहलीखाली पडून होतं.
मग मी झेरॉक्सच्या दुकानामागच्या क्लासची फी भरली.

सहावी ओळ सोप्या भूतकाळात:
घशात नळी बसवली.
सातवी ओळ:
इल आव्हे पार्ले द व्हू.

त्यांची तऱ्हा वेगळी.
काही क्रियापदांना 'होता' लागतो, काहींना 'जवळ होतं'.
गेला, ते आपल्यासारखंच.
पण बोलला होता म्हणायचं तर
शब्दाला शब्द ठेवून
'त्याच्याजवळ बोललेलं होतं'.
नळी बसवायच्या आधी
त्याच्याजवळ बोललेलं होतं.
घड्याळ एक, आणि हे.
यादीत हे आलं नव्हतं.

द व्हू. तुमच्याबद्दल.
सरांना विचारलं, हे 'तुम्ही' एकाला की सगळ्यांना?
चष्मा काढून त्यांनी पत्र खिडकीशी धरलं.
वर मायना नाही.
दोन्ही होतं, म्हणाले, मराठीतल्यासारखंच.
मी एकटी असेन.
आई असेल, अदबीनं.
आम्ही चौघी असू, ओळीने, वयाप्रमाणे.
किंवा नुसतं गाव,
पेठकिल्ल्याखालचा उतार, जाळी, मांजरं.
काय बोलला होता, ते ओदीलने लिहिलेलं नाही.

पुन्हा वही.
नू झेतियों पार्ती. आम्ही गेलो होतो.
कुठे जाणार आम्ही? तरी लिहिलं,
आणि चौघी बायकाच म्हणून
शेवटी दोन अक्षरं वाढवली, दोन्ही न वाजणारी.

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. चाळीस लाद्या, उधारीवर.
नोंद करताना मनगटावरचं पाणी वहीवर उतरलं
आणि 'इल'ची ओळ जरा फुगली.
पाचवं रूप, व्हू झेतिये पार्ती,
तुम्ही गेला होतात.
हे लिहिताना मात्र मला माहीत होतं,
एकालाच.

सहावं राहिलं. पहाटे घरी जाऊन करीन.