पाच शब्द, त्याच क्रमाने

दांडिया बाजारातल्या व्यायामशाळेत
आधी कुस्तीचा हौद होता. आता रिंग आहे,
तरी पावसाळी हवेत फळ्यांखालून
तेल-हळदीच्या मातीचा वास येतोच.
माझी खुर्ची निळ्या कोपऱ्याजवळ.
एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.
मी कानाची डॉक्टर. पहिल्या वर्षी दुसरं कुणी मिळालं नाही,
मग पुढं मीच ठरले.

काम सोपं. पोरगा पडला की दोरीखालून आत शिरायचं,
बुबुळांवर टॉर्च मारायचा,
विचारायचं, गाव कुठलं? फेरी कितवी?
पाच शब्द सांगायचे
आणि थोडं थांबून परत मागायचे.
चमचा. वाळू. शिडी. पोपट. लिंबू.
सात वर्षं हेच पाच.
रोजच्या कुलपाची किल्ली
कोण बदलत बसतं?

इंद्रजित फाळके, साठ किलो.
दुसऱ्या फेरीतला तो ठोसा मला दिसला नाही, ऐकू आला,
ओल्या गादीवर काठी बसावी तसा.
तो गुडघ्यावर आला, उठला, हसला.
गोहिलसर म्हणाले, “कंई नथी, मेडम.”
मी टॉर्च मारला. शब्द सांगितले. परत मागितले.
चमचावाळूशिडीपोपटलिंबू,
एका दमात, पाढा म्हणावा तसा.
मी अंगठा वर केला.

पाढाच होता तो.
कपडे बदलायच्या खोलीत, खुंट्यांच्या वर,
कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवला होता
नव्या पोरांसाठी.
खाली वार आणि तारखेला मोकळी जागा.
हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या फेरीत विशेष काही घडलं नाही.
जबड्यावर एक हलकासा, पंचांनी मोजलाही नसता असा.
आणि तो उभ्या उभ्या खाली आला,
दोरीवरनं टॉवेल घसरावा तसा.

रात्री अडीचला सयाजी हॉस्पिटलात
फिल्म उजेडाला धरली.
कवटीच्या आतल्या कडेनं रक्ताची कोर,
चतुर्थीच्या चंद्राएवढी.
मी कानाची डॉक्टर. पण तेवढं मलाही वाचता आलं.
घरी जाताना काळ्या घोड्याच्या पुलावर थांबले.
खाली विश्वामित्री अगदी शांत.
जन्म बडोद्यात काढून, मगरींच्या शेजारी राहून,
मी शांत पाण्यावर विश्वास ठेवला होता.

आता शब्द दर वेळी नवे नेते.
सकाळी ओट्याशी उभी राहून जे दिसेल ते:
किसणी, काडेपेटी, झुरळ.
वही ठेवते. कुणाला कधी लागलं,
महिना पुरा झाला का, डोकं दुखतं म्हणून कुणाची आई बोलली का.
दारात रुग्णवाहिका नसेल तर घंटा वाजू देत नाही.
गोहिलसर चिडतात. चिडोत.
परवा एका मुलीला थांबवलं,
तर ती जिन्यात बसून रडली,
आणि तिच्या मामानं मला दिलेल्या शिव्या
अर्ध्या मराठी होत्या, अर्ध्या गुजराती.
त्याही लिहून ठेवल्या वहीत. का, माहीत नाही.

कधीकधी रावपुऱ्यात सेव-उसळ खायला जाते.
सांगायला बरं वाटावं म्हणून ‘खायला’.
फाळक्यांची गाडी. इंद्रजित पाव देतो.
चार मागितले तर कधी सात, कधी एक.
वडील न बोलता मागून हात घालतात,
पुन्हा मोजतात.

मला पाहिलं की तो हातातलं ठेवून देतो.
माझं नाव त्याला येत नाही.
ताठ उभा राहतो, हात मागे,
आणि एकेक शब्द काळजीनं मांडतो,
काचेचे पेले मांडावेत तसे.
चमचा.
वाळू.
शिडी.
पोपट.
लिंबू.
“बरोबर?”
“बरोबर,” मी म्हणते.
“आता पाच मिनिटांनी परत विचारा.”

गिऱ्हाईकं खोळंबतात. तर्री थंड होते.
मी घड्याळ बघत उभी राहते.