पंधरा मिलिमीटर

राउनीचं काम फाडण्याचं.
पंधरा मिलिमीटर रुंद पट्टी,
दोन जबडे, एक बटण,
आणि मग तो आवाज,
टप्.
आकडा वहीत. पुन्हा पट्टी.
एकवीस वर्षं झाली,
घरी आलेलं पाकीट मात्र ती कात्रीनंच उघडते.

खिडकीबाहेर नदी गोठलेली.
गिरणीचं पाणी सुटतं तेवढीच जागा काळी, ओली,
तिथे दोन बदकं हिवाळाभर
फुकटची ऊब खात.

पाण्यात तंतू एकमेकांना धरत नाहीत,
ती नव्या पोरांना सांगते.
स्प्रूसचे काय, बर्चचे काय,
सगळ्यांच्या अंगावर एकच भार, ऋण.
सारखे, म्हणूनच लांब लांब.
पूर्वी आम्ही त्यांना कुटायचो,
अंगावर लव फुटेपर्यंत ठेचायचो,
की लवेत लव अडकावी.
वीज जायची पाण्यासारखी.
आता टनाला नऊ किलो खळ.
बटाट्याचीच,
पण तिला उलटा भार चढवलेला, धन.
ती जाऊन दोघांच्या मध्ये बसते
स्थळं जुळवणाऱ्या आत्यासारखी.
मग तापल्या लोखंडावरून पाणी उडून जातं
आणि हातात हात उरतो.

(खळ. आमच्याकडे पतंग चिकटवतात ती,
आणि दुष्ट माणूसही खळच.
तुमच्या भाषेत? मी विचारलं.
राउनी म्हणाली, आमच्यात तो साधा शब्द आहे.)

उर्पो, तिचा धाकटा भाऊ, तीन नंबर मशीनवर.
एका रात्रपाळीत त्यानं पंप जास्त उघडला.
जास्त म्हणजे बळकट, असा त्याचा हिशेब.
टाकीवर गुडघाभर फेस आला,
कागद ओल्यातच तुटला, सात वेळा,
कारण आता सगळ्या तंतूंवर धन भार.
पुन्हा सारखे. पुन्हा लांब.
अति तिथे माती, असलं काही राउनी म्हणाली नाही.
'बंद कर' म्हणाली
आणि त्याच्यासाठी कॉफी ओतली.

तीन वर्षांत आकडे आले.
ऐंशी ग्रॅमचा कागद बहात्तरवर, चिवटपणा तेवढाच.
कुटायच्या यंत्रांची एक रांग थंड.
पाणी चटकन निथळतं, म्हणून पाच नंबर पळते,
मिनिटाला नऊशे मीटर होती, आता अकराशे चाळीस.
हेलसिंकीहून माणूस केक घेऊन आला,
वर हिरव्या साखरेचं पान.
राउनीनं भाषण केलं, दोन वाक्यांचं.
चमचा खाली ठेवून उर्पोनंही टाळ्या वाजवल्या.

मग कुणीतरी साधी वजाबाकी केली:
पाच नंबर एवढी पळते,
तर तीन नंबर कशाला?

पत्रं गुरुवारी आली. एकसष्ट.
उर्पोनं आपलं आणून तिच्या टेबलावर टाकलं,
आणि हातमोजे काढून नुसता उभा राहिला.
तिनं कागद उजेडाकडे धरला.
पाच नंबरचा.
वाचला नंतर.
'एक पट्टी कापू?'
'काप. खालून. सही सोड,
भत्त्याला लागेल म्हणतात.'

जबडे मिटले.
यंत्र ओढत राहिलं, ओढतच राहिलं.
दोघं वाकून बघत होते,
लहानपणी बर्फाला भोक पाडून
गळ टाकून बसायचे तसे.
टप्.

'किती?'
तिनं सांगितलं.
'चांगलाय की!' उर्पो म्हणाला,
आणि त्यात टोमणा नव्हता,
सव्वीस वर्षं कागद काढलेला माणूस तो.
उरलेल्या पत्राची त्यानं नीट घडी केली,
कडा काही केल्या जुळेनात,
तसंच खिशात घातलं.