हातचा एक

पुठ्ठ्याच्या कार्डावर बाबांचा चेहरा, जेमतेम दीड इंच.
फोटोवाला म्हणाला होता, हस,
आणि ते हसण्याऐवजी टोपीकडे हात नेऊन थांबले,
ते तसेच थांबलेले.
मागच्या बाजूला सगळं मुंगीच्या अक्षरात:
ओइवा लेहतिनेन. सेकंड बेस. सहा हंगाम.
बाराशे चार वेळा बॅट घेऊन उभे राहिले.
हिट तीनशे अकरा.

मी बत्तीस वर्षं खाणीच्या कचेरीत पगारपत्रकं केली.
आकडा दिसला की पेन्सिल आपोआप बोटांत येते.
भाग दिला: हजारी दोनशे अठ्ठावन्न.
त्याच सहा वर्षांत अख्ख्या लीगचे
दोनशे एकोणसाठ.

एक कमी.
पगारात एवढा फरक निघाला असता
तर तो पुढच्या महिन्यात ढकलून
आम्ही पाचला घरी गेलो असतो.

डिसेंबर. सरोवरावरचा बर्फ रात्रभर कण्हत होता.
बाबा सौनातून आले, कानशिलं लालबुंद,
आणि वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत बसले.
मी म्हटलं, एक हिट जास्त असता
तर तुम्ही बरोब्बर सरासरी असता.
"बरोब्बर सरासरी," ते म्हणाले,
शब्द जिभेवर भिजू देत.
"तुझ्या आईला बरं वाटलं असतं.
तिची समजूत होती, मी फार वाईट खेळतो."

मग त्यांनीच तो ऑगस्ट काढला.
क्लीव्हलँड, दुपार, प्रेक्षक इतके तुरळक
की कोण खोकलं ते मैदानातून कळावं.
चेंडू जमिनीलगत गेला,
शॉर्टस्टॉपच्या हातमोज्याला लागून निसटला,
बाबा पहिल्या बेसवर सुखरूप.
वर, काचेमागे, गर्ट्झ नावाच्या स्कोअररनं
क्षणभर पेन्सिल चावली आणि लिहिलं: एरर.
हिट नव्हे. चूक,
आणि तीही दुसऱ्याची.

मी ताडकन उठले. हाच तो!
हाच तुमचा हातचा एक, बेरजेत धरायचा राहिलेला!
दुसऱ्यांनी घातलेले घोळ निस्तरण्यात जन्म गेला माझा,
असल्या जागी रक्त उसळतंच.
पत्र लिहू, म्हटलं. लीगच्या कचेरीत जुनी कागदपत्रं असतील,
कोणीतरी असेल.

बाबांच्या डोक्यावर टोपी नव्हती, तरी हात तिकडे गेला.
"सोपा चेंडू होता, आउने.
तुझ्या मावशीनं एप्रनमध्ये झेलला असता.
गर्ट्झचं बरोबर होतं."

नंतर बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज.

मी कागद उलटा केला. उगाच, हाताला चाळा म्हणून,
बाबांना लीगमधून वजा करून पाहिलं.
त्यांचे बाराशे चार काढले, तीनशे अकरा काढले,
उरलेल्या लाखांना पुन्हा भाग दिला.
दोनशे एकोणसाठ.
आकड्याची पापणीही लवली नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
खिडकीबाहेर सरोवर होतं. त्यात कोणी तांब्याभर पाणी ओतलं
तर पातळी वाढत नाही हे खरं,
पण ते तांब्याभर परत काढून दाखवा म्हटलं तर
कोण काढणार, कुठून?
हेही सांगितलं नाही. त्यांना उपमा आवडत नाहीत.

"तू हिटच मोजतेस," ते एकदम म्हणाले.
"उरले किती?"
आठशे त्र्याण्णव.
"मला तेच आठवतात. बॅट खाली धरून परत चालत यायचं,
बाकावरचे सरकून जागा करायचे, तुझ्याकडे न बघता.
न बघणं हे फार मोठं काम असतं.
पिट्सबर्गचा एक पोरगा होता, त्याला ते कधी जमलं नाही."
पोराचं नाव त्यांना आठवेना.
ते आठवत बसले, कॉफी निवली, सांडली थोडी.

मग कप तिथंच ठेवून झोपायला निघाले,
एक हात भिंतीवर, दुसरा खाली लोंबता,
मूठ अजून काहीतरी धरल्यासारखी.
मी कागदावरचं खोडत होते. पावलं मोजली नाहीत.

चौदा होती.